नऊ वाजता ऐकलेला खोकला

“म्हणजे नऊ वाजता बाई जिवंत होत्या, एवढं तरी कबूल कराल की नाही?” आडभिंतीपलीकडून जिन्नाप्पाचा उतावळा आवाज आला.

“मोलकरणीनं नऊ वाजता खोकला ऐकला, असं मोलकरीण म्हणाली. एवढंच मी कबूल करीन,” रेगे शिरस्तेदार म्हणाले. त्यांचा प्रत्येक शब्द तागडीत घालून जोखल्यासारखा यायचा.

“मग खोकलं कोण? भूत?”

“बोका असेल. दार करकरलं असेल. समुद्राचा वारा असेल. भिंतीआडच्या खोकल्यावरून माणूस ओळखता येतो, असं मी उभ्या नोकरीत कधी ऐकलं नाही.”

“येतो ओळखता!”

हे बोलले ती मी. शेजारच्या खाटेवर बायजाक्का मोसंबं सोलत बसली होती. तिच्या हातातलं साल खाली पडलं.

“आता गं बया,” ती म्हणाली, “ही तर बोलती की!”

मला तिथं येऊन तीन आठवडे होत आले होते आणि तेवढ्या दिवसांत ‘हो’, ‘नाही’ आणि ‘नको’ यांपलीकडे मी काही बोलले नव्हते.

ही १९५२ सालची गोष्ट. सांगलीच्या पुढं एका उजाड माळावर ते क्षयाचं सॅनिटोरियम होतं. लांबलचक कौलारू इमारत, तिला तेवढीच लांब उघडी पडवी आणि पडवीत ओळीनं लोखंडी खाटा. अर्धी पडवी पुरुषांची, अर्धी बायकांची. मधे डोक्याहून उंच अशी लाकडी फळ्यांची आडभिंत. तिकडचं दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळं येई. त्यामुळं पलीकडची माणसं आम्हाला चेहऱ्यानं नव्हे, आवाजानंच माहीत होती.

मी तेव्हा वीस वर्षांची, कोल्हापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकत होते. संध्याकाळचा ताप येऊ लागला, एक्स-रे झाला आणि मामानं मला इथं आणून सोडलं. गावात सोनारकाम करणारे माझे वडील, आप्पा, आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते हाच माळ चढून माझ्या थोरल्या बहिणीला, यमुनाताईला, घेऊन आले होते आणि ती इथंच वारल्यावर एकटेच परत गेले होते. त्यामुळं मला त्यांचा राग आला नव्हता. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

डॉक्टर भडकमकरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, “नवी इंजेक्शनं आहेत, ती देऊच. पण उजव्या बाजूला हवा भरायला हवी. म्हणजे दुखरं फुप्फुस मिटून पडेल, त्याला विसावा मिळेल. वेळ घालवू नकोस.” मी नको म्हणाले. का, म्हणून त्यांनी विचारलं, तर मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. अंडं यायचं, तसंच परत जायचं. दुधावर साय धरायची आणि तीही परत जायची.

बायजाक्का कागलकडची. चाळिशीची, चार लेकरांची आई. दर आठवड्याला ती हवा भरून घेऊन यायची आणि खाटेवर बसता बसता सांगायची, “सायकलीच्या चाकात भरत्यात तशी भरली बग. आता पंचर नाही झालं म्हंजे मिळवली.” मी हसायची नाही. मग ती म्हणायची, “जेव की गं. मरायचं हाय व्हय?” मी उत्तर द्यायची नाही. उत्तर ‘हो’ होतं, असंही नाही. माझं ठरलेलंच आहे, त्यात आपण काय करणार, असं मला वाटायचं.

अशात रेगे शिरस्तेदारांचा तो खटला सुरू झाला होता.

शिरस्तेदार मूळचे सावंतवाडीकडचे. कोर्टाच्या कचेरीत त्यांची सगळी नोकरी गेली होती. त्यांच्या उशाला जुन्या विलायती खटल्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक असे. बरा होऊन घरी गेलेल्या कुणा पेशंटनं ते मागं ठेवलं होतं. दुपारची सक्तीची विश्रांती संपून चहा झाला, की शिरस्तेदार त्यातली दोन-चार पानं मनात वाचायचे आणि मग दोन्हीकडच्या खाटांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत सांगायचे. डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. तेवढा वेळ पेशंट उठून भटकत नाहीत, यातच त्यांना समाधान होतं.

खटला व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला होता. इंग्लंडात समुद्रकाठच्या एका गावात मिस प्रॉक्टर नावाची म्हातारी, श्रीमंत, बिनलग्नाची बाई राहायची. तिला जुना खोकला होता. घरात ती आणि तिची मोलकरीण सुझन, दोघीच. एका हिवाळी संध्याकाळी तिचा भाचा एडविन चहाला आला आणि आठच्या गाडीनं परत गेला. गाडीत चढताना स्टेशनमास्तरनं त्याला पाहिलं होतं. नऊ वाजता स्वयंपाकघरात बसलेल्या सुझननं भिंतीपलीकडून बाईंचा रोज त्याच वेळी येणारा नेहमीचा खोकला ऐकला. दहा वाजता ती गरम दूध घेऊन आत गेली, तर बाई खुर्चीत मरून पडलेल्या, डोक्यात शेगडीच्या सळईचा घाव आणि बागेकडची खिडकी सताड उघडी.

साडेदहाला पोलिसांचा डॉक्टर आला. म्हणाला, अंग गार पडलंय, बाईंना जाऊन तीन तास तरी झाले असतील. पण शेगडी विझलेली होती आणि खिडकीतून बोचरा वारा येत होता. अशा खोलीत अंग लवकर गार पडतं, हे उलटतपासणीत त्यालाच कबूल करावं लागलं. मग सगळं येऊन थांबलं त्या खोकल्यावर. खोकला खरा धरला तर भाचा निर्दोष. तो बाजूला काढला तर भाच्यावाचून दुसरं कोणी दिसत नव्हतं. ज्यूरीनं भाच्याला सोडून दिलं. पुढं कुणालाच शिक्षा झाली नाही. खून कुणी केला, ते त्या पुस्तकालाही माहीत नव्हतं.

“ती सुशीच हाय सगळ्याची मुळी,” हे बायजाक्काचं मत.

“सुशी नव्हे हो, सुझन,” शिरस्तेदार दर वेळी सांगायचे.

“तीच ती. मालकिणीला मारलं आन वर दूध घेऊन गेली. असल्या मी लई बघितल्यात.”

तर त्या दिवशी मी मधेच बोलले.

“कोण बोललं हे?” शिरस्तेदारांनी विचारलं.

“पोतदारांची द्वारका,” मी तोंड उघडायच्या आत बायजाक्कानं सांगून टाकलं. “नवीन हाय. आमाला वाटलं हुतं मुकीच हाय.”

“पोतदारबाई, खोकल्यावरून माणूस ओळखता येतो, हे कशावरून म्हणता?”

“मला येतो. तुम्ही आधी घसा खाकरता, मग दोनदा खोकता आणि शेवटी ‘राम’ म्हणता. जिन्नाप्पा बोलता बोलता खोकतात, वाक्य अर्धं टाकून.”

पलीकडे हशा झाला. त्या हशातच जिन्नाप्पाला खोकला आला, त्यामुळं आणखी मोठा हशा झाला.

“तुम्ही मला ‘राम’वरून ओळखलंत, खोकल्यावरून नव्हे,” शिरस्तेदार म्हणाले.

“‘राम’ नसता तरी ओळखलं असतं. आपल्या माणसाचा खोकला दहा भिंतींतून ओळखू येतो. सुझन खरं बोलतेय.”

“ठीक आहे.” त्यांच्या आवाजात खुशी होती. “सुझनला अखेर वकील मिळाला. उद्या बाजू मांडा.”

मला धाप लागली होती, कानशिलं तापली होती. दिवे मालवल्यावर मी पडून होते, पण त्या रात्री माझ्या डोक्यात मी नव्हते. ती विझलेली शेगडी होती, ती खिडकी होती, आणि स्वयंपाकघरात कान देऊन बसलेली ती पोर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर मार्था साळवी माझ्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. नगरकडच्या. धिप्पाड बाई, पायात पांढरे बूट, त्यांच्या चालण्यानं पडवीच्या फरशा वाजायच्या.

“आज म्हणे तुला वकिली करायची आहे?”

मी मान हलवली.

“माझ्या पडवीत उपाशी वकील चालत नाही. अंडं खाल्लंस तर बोलायचं. नाही तर तोंडात थर्मामीटर घालून ठेवीन तास न् तास.”

मी अंडं खाल्लं. नाकाला पदर लावून खाल्लं, पण खाल्लं. चहा झाल्याबरोबर मी उशीला टेकून बसले आणि आडभिंतीकडे तोंड करून म्हणाले, “रेगेकाका, त्या घरात बोका होता, असं पुस्तकात कुठं लिहिलंय?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज झाला. बराच वेळ झाला.

“नाही लिहिलेलं,” शिरस्तेदार म्हणाले. “बोका मी मागं घेतो.”

आमच्या बाजूच्या बायकांनी चमचे वाजवले. मला हसू आलं. गालाला कसंसंच वाटलं, खूप दिवसांत घडी न मोडलेल्या कपड्यासारखं.

पण शिरस्तेदार सोडणारे नव्हते. “आता माझ्या प्रश्नाला उत्तर द्या. बाई नऊला जिवंत होत्या ना? मग ऐन हिवाळ्यात, जुन्या खोकल्याची म्हातारी विझलेल्या शेगडीसमोर बसून काय करत होती? तिनं सुझनला हाक का मारली नाही?”

“शेगडी नंतर विझली असेल. खिडकी उघडल्यावर.”

“तासाभरात दगडी कोळसा विझतो?”

“आमच्या चुलीतला निखारा राखंखाली सकाळपतूर ऱ्हातो,” बायजाक्का म्हणाली.

“अक्का, तू कुणाच्या बाजूनं आहेस?” मी विचारलं.

“मी खऱ्याच्या बाजूनं,” ती म्हणाली. “खरं काय ते तुमी ठरवा, मग मी तिकडं येती.”

“खुन्यानं चहाचं पाणी ओतून विझवली असेल, वेळेचा घोटाळा व्हावा म्हणून,” मी म्हणाले.

“हा तर्क झाला,” शिरस्तेदार म्हणाले. “पुरावा नव्हे. शेगडीत ओली राख सापडली असं कुणी सांगितलेलं नाही. आत्ताच तुम्ही माझा बोका बाहेर काढलात, आता तुमचं पाणीही बाहेर काढा.”

असे दिवस जाऊ लागले. सकाळी तपासणी, दुपारी विश्रांती, आणि चहानंतर मिस प्रॉक्टर. बोलायला दम पुरावा म्हणून मी दूधही पिऊ लागले. पण भडकमकर डॉक्टर हवा भरण्याचं विचारायला आले, की माझं तोंड पुन्हा भिंतीकडे वळायचं. “खूनखटल्यात एवढी हुशार,” ते एकदा वैतागून म्हणाले, “आणि स्वतःच्या बाबतीत?”

आणि वाद रोज त्याच जागी येऊन अडायचा. शिरस्तेदार म्हणायचे, खोकला ओळखता येत नाही. मी म्हणायची, येतो. “कशावरून?” ते विचारायचे. “मला माहीत आहे,” याच्या पुढं मी जायची नाही. एके दिवशी माझा आवाज इतका चढला, की सिस्टर पळत आल्या.

तेव्हा शिरस्तेदार म्हणाले, “पोतदारबाई, आपण दोघं नुसतं बोलतोय. साक्षीदाराची पारख करून बघू. आम्ही इकडं एकेक जण खोकतो, तुम्ही तिकडून नाव सांगा. सगळी नावं बरोबर आली तर मी भाच्याला निर्दोष मानीन.”

“मुद्दाम जोर करून कुणी खोकायचं नाही,” सिस्टरांनी बजावलं. “आतलं काही दुखावलं तर मला जाब द्यावा लागेल. ज्याला आपोआप येईल त्यानंच.”

तर काय, एरवी रात्रंदिवस खोकणारी माणसं, त्या दिवशी कुणाला खोकला येईना! पडवी चिडीचूप. सगळे आपापल्या छातीकडे कान देऊन बसलेले. “आता हसवू नका कुणी,” पलीकडून कुणीतरी पुटपुटलं. बायजाक्का तोंडात पदर कोंबून गदगदत होती.

अखेर एक खोकला आला. खाकरणं, मग दोनदा.

“रेगेकाका,” मी म्हणाले. “राम न म्हणता.”

“बरोबर,” पलीकडून शिरस्तेदार म्हणाले.

थोड्या वेळानं दुसरा. कोरडा, घाईचा.

“जिन्नाप्पा.”

“बरोबर!”

बायजाक्कानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी अंग सावरून बसले. मला आता मजा येऊ लागली होती. डोळे मिटून घेतले म्हणजे नीट ऐकू येईल म्हणून मी डोळे मिटले.

तेवढ्यात तिसरा खोकला आला.

दबका. तोंडावर कापड धरल्यासारखा. दोन आखूड ठसके, आणि तिसरा लांब, शेवटी आतून काहीतरी ओढून घेतल्यासारखा. मला आमच्या घरातली माजघराची खोली दिसली, तिच्या बंद दारावरचा पडदा दिसला, दाराबाहेर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलेली मी दिसले.

“कोण?” शिरस्तेदारांनी विचारलं.

मी डोळे उघडले.

“पोतदारबाई?”

“ती माझी यमुनाताई आहे,” मी म्हणाले.

यमुनाताई कोण, हे बायजाक्काला माहीत होतं. तिनं उठून माझा हात धरला. मग आडभिंतीच्या टोकाकडून बुटांचा आवाज आला आणि सिस्टर मार्था इकडच्या बाजूला आल्या. त्यांच्या हातात घडी केलेला टॉवेल होता. चेहरा पडलेला होता.

“अगं, मीच होते,” त्या म्हणाल्या. “घसा कोरडा पडला होता म्हणून खोकले. म्हटलं, तुला चकवावं. म्हणून टॉवेल धरला.”

“तुम्ही तिची नक्कल केलीत.”

“नाही गं.”

“केलीत! दोन वर्षांपूर्वी तुम्हीच होता इथं. तुम्हाला तिचा खोकला माहीत होता.”

सिस्टर माझ्या खाटेवर बसल्या. पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही, हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता.

“देवाची शपथ घेऊन सांगते, यमुना कशी खोकायची हे मला आठवत नाही. इथं सगळेच खोकतात, द्वारका. मी काय काय ध्यानात ठेवू? मला तिचं गुणगुणणं आठवतं. वेणी घालताना ती गुणगुणायची, अंघोळीला जाताना गुणगुणायची. रात्रपाळीच्या नर्सनासुद्धा तिचं गाणं पाठ झालं होतं. तिचा खोकला मला विचारशील तर नाही सांगता येणार.”

मला तिचं गुणगुणणं आठवलं. दोन वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. मला फक्त तो खोकला आठवत होता.

“पुन्हा खोका,” मी म्हणाले.

“काय?”

“पुन्हा खोका. तसंच.”

सिस्टरांनी तोंडावर टॉवेल धरला आणि खोकल्या. मी कान देऊन ऐकलं. धडधाकट बाईचा, उगाच काढलेला, साधा खोकला होता तो. त्यात माझ्या ओळखीचं काही नव्हतं.

“आता खरं सांगू का,” बायजाक्का म्हणाली, “मला तर मघाशीपण म्हस खाकरल्यागतच वाटलं हुतं.”

सिस्टर आधी हसल्या. मग पलीकडं जिन्नाप्पा हसला. मग मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले ते थांबेना. बायजाक्कानं मला कुशीत घेतलं. तिच्या अंगाला औषधाचा आणि मोसंब्याचा वास येत होता.

त्या रडण्यातच मी सिस्टरना सांगितलं, जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ताप यायला लागल्यावर पहिल्यांदा मी खोकले, तेव्हा मला स्वतःच्या छातीतून यमुनाताईचा खोकला ऐकू आला होता. तेच दोन आखूड ठसके, तोच तिसरा लांब. त्या दिवशीच माझं ठरलं होतं. तिचाच खोकला, म्हणजे तिचाच रस्ता. मग हवा भरून काय आणि अंडी खाऊन काय?

“तुझा खोकला मी रोज ऐकते,” सिस्टर म्हणाल्या. “तो तुझाच आहे.”

शिरस्तेदार पैज जिंकले होते, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “पोतदारबाई, सुझन खोटं बोलत नव्हती, हे मला आज पटलं.”

“पण तिनं ऐकलेला खोकला बाईंचा नसेलही,” मी नाक पुसत म्हणाले.

“नसेलही. रोज नऊला खोकला यायचा. त्या रात्रीही नऊ वाजले. कानांनी आपलं काम केलं.”

“म्हणजे भाचा…”

“ते उद्या,” शिरस्तेदार म्हणाले. “आज कोर्ट उठलं.”

संध्याकाळी भडकमकर डॉक्टर फेरीला आले, तेव्हा मी त्यांना विचारलं, “हवा भरताना फार दुखतं का?” उत्तर बायजाक्कानं दिलं. “काय दुखत नाही. उद्या माझ्यासंगं चल. दोघींची चाकं एकदम भरून आणू.”

दुखलं, पण सोसण्यासारखं होतं. पहिले काही महिने कठीण गेले. मधेच ताप उलटला, इंजेक्शनांनी कान गुणगुणायचे, औषधाच्या पुड्यांनी तोंड कडू व्हायचं. पण पावसाळा सरला तेव्हा माझा ताप गेला होता. दिवाळीत डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघितला, हसले आणि तो बघायला सिस्टरांना हाक मारली. पुढं थुंकीची तपासणी पुन्हा पुन्हा केली, त्यात काही सापडलं नाही. बायजाक्का माझ्या आधी महिनाभर घरी गेली. तिचा नवरा बैलगाडी घेऊन आला होता आणि चारही लेकरं गाडीत उभी होती. जाताना ती आडभिंतीवर हात आपटून ओरडली, “शिरस्तेदार, सुशीनंच मारलं! मी सांगून जाती!”

शिरस्तेदार त्यानंतर आठवड्याभरात सुटले. निघताना ते आडभिंतीच्या टोकाशी आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. इतक्या भारदस्त आवाजाचा माणूस माझ्या खांद्याएवढा निघाला. डोक्याला मफलर, हातात छत्री.

“खोकला पुरावा म्हणून बाद, हे तुम्हाला मान्य ना?” त्यांनी विचारलं.

“मान्य. म्हणजे भाच्यानंच केलं.”

“माझं आता तसं राहिलेलं नाही,” ते म्हणाले. “तुमच्यासारखी प्रामाणिक साक्षीदार दोन नावं बरोबर सांगते, हेही मी विसरू शकत नाही. सुझनचं बरोबर असेल तर? तो पोरगा निर्दोष असेल तर? मला झोप नाही लागत हो.”

“म्हणजे आता तुम्ही माझ्या बाजूला आलात आणि मी तुमच्या?”

“तसंच दिसतंय.” ते खो खो हसले, आणि त्यांना खोकला आला नाही. “पोतदारबाई, बऱ्या राहा.”

माझी सुटका माघात झाली. मामा येईल असं मला वाटलं होतं. आले ते आप्पा. ते फाटकाशी थांबले नाहीत. पडवी चढून वर आले, सिस्टरांना हात जोडले, माझी ट्रंक उचलली आणि चला म्हणाले. एस.टी.त आम्ही शेजारी शेजारी बसलो. ते बाहेर बघत होते. आमच्या घरात यमुनाताई गेल्यापासून बोलणं असं नव्हतंच. लागेल तेवढं, कामापुरतं. मला ते सहन होईना.

“आप्पा,” मी म्हणाले, “एक खून झाला होता.”

ते दचकून माझ्याकडे वळले. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी, भाचा, आठची गाडी, नऊचा खोकला, दहाचं दूध, विझलेली शेगडी. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

“भाच्यानंच मारलं,” ते एकदम म्हणाले.

“कशावरून?”

“भाच्यांचा काय भरवसा?”

“आप्पा, हा पुरावा नव्हे!”

“मग तो आठच्याच गाडीनं का गेला? पावण्याला चहा पाजून कोण लगेच घालवतं? काहीतरी बिनसलं होतं.”

“गाडी तीच शेवटची असेल.”

“असेल म्हणजे? पुस्तकात बघितलंस का?”

मी बघितलं नव्हतं. आम्ही दोघंही आता एकमेकांकडे वळून बसलो होतो. पुढच्या बाकावरचा एक फेटेवाला मागं वळून ऐकू लागला. तोही म्हणाला, भाचाच. आप्पांनी त्याला साक्षीला धरलं. मी दोघांशी भांडले. शेवटी कंडक्टर येऊन म्हणाला, “ओ काका, तुमच्या गावचा फाटा मगाशीच मागं गेला.”

पुढच्या फाट्यावर उतरून आम्ही मागं चालू लागलो. दोन्ही बाजूंनी ऊस उभा होता, गुऱ्हाळाचा वास येत होता. आप्पांच्या खांद्यावर ट्रंक होती. दर थोड्या वेळानं ते विचारत होते, “दम लागला का?” मी नाही म्हणत होते. खरंच लागला नव्हता. चालता चालता मीच पुढं गेले आणि वळून बघितलं, तर आप्पा ट्रंक खाली ठेवून रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते. मी परत त्यांच्याजवळ गेले.

“यमीसुद्धा असलाच वाद घालायची,” ते म्हणाले.

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले.

“तिथल्या सिस्टर म्हणाल्या, ती वेणी घालताना गुणगुणायची,” मी म्हणाले.

“हं.” त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “लहानपणापासून. दुकानात माझ्या हातोडीच्या तालावर म्हणायची.”

त्यांनी काय म्हणायची तेही सांगितलं. थोडं म्हणूनही दाखवलं, अगदी बेसूर. उसातून वारा वाहत होता. मग ते उठले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि दहा पावलं गेल्यावर थांबले.

“द्वारके, पण मला एक सांग. त्या म्हातारीला एवढा खोकला होता, तर त्या पोरीनं गरम दूध दहा वाजेपर्यंत का थांबवलं?”

इतक्या दिवसांत आमच्या पडवीत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. घर येईपर्यंत आम्ही दोघं त्याचं उत्तर शोधत चाललो.